न्यायाधीशसंख्या, सर्वोच्च न्यायालयाची

राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयात किती न्यायाधीश असावेत, ही संख्या कोणी ठरवावी आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा संविधानविधीतील एक महत्त्वाचा प्रश्न. ही संख्या निश्चित करण्याच्या दोन प्रमुख पद्धती आढळतात. पहिल्या पद्धतीत संविधान न्यायालय स्थापन करते, पण त्याची सदस्यसंख्या ठरविण्याचे काम विधिमंडळाच्या साध्या कायद्यावर सोपविते. दुसऱ्या पद्धतीत संख्या संविधानातच नमूद असते आणि संविधानदुरुस्तीवाचून ती बदलता येत नाही. वरवर पाहता हा प्रश्न केवळ प्रशासकीय सोयीचा वाटतो. परंतु ज्या न्यायालयास विधिमंडळाचा कायदा संविधानविरोधी म्हणून रद्द ठरविण्याचा अधिकार आहे, त्याच्या बाबतीत एकदोन जागांची भर किंवा घट निकालाचे पारडे फिरवू शकते. ज्याच्या हाती संख्या, त्याच्या हाती काही अंशी निकालही, असा हा संबंध आहे. म्हणूनच संख्या संविधानात गोठवून टाकावी, ही मागणी अनेक देशांत वेळोवेळी पुढे आली. या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ व बोधप्रद इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतो.

अमेरिकेच्या संविधानातील तरतूद : अमेरिकेच्या संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने देशाची न्यायिक सत्ता एका सर्वोच्च न्यायालयाकडे आणि काँग्रेस वेळोवेळी स्थापन करील अशा कनिष्ठ न्यायालयांकडे सोपविली आहे. न्यायाधीशांचे वर्तन चांगले असेपर्यंत त्यांना पदावर राहता येते व पदावर असेतोवर त्यांचे वेतन कमी करता येत नाही. न्यायाधीशांच्या व्यक्तिगत स्वातंत्र्याला ही दोन भक्कम संरक्षणे मिळाली. मात्र न्यायाधीश किती, याविषयी संविधान मौन बाळगते. सरन्यायाधीशाचा उल्लेखदेखील तिसऱ्या अनुच्छेदात नसून राष्ट्राध्यक्षावरील महाभियोगाच्या संदर्भात पहिल्या अनुच्छेदात आला आहे. परिणामी संख्या ठरविण्याचा अधिकार काँग्रेसकडे गेला. न्यायाधीशाला काढून टाकणे अवघड, पण त्याच्या शेजारी नवा न्यायाधीश आणून बसविणे सोपे, अशी ही विषम स्थिती निर्माण झाली. पुढील सर्व वादाचे मूळ तिच्यात आहे.

संख्येतील बदल (१७८९–१८६९) : १७८९ च्या न्यायव्यवस्था अधिनियमाने एक सरन्यायाधीश व पाच सहन्यायाधीश अशी सहा ही संख्या ठरविली. त्या वेळी देशाची तीन परिमंडलांत विभागणी केलेली होती आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना परिमंडल न्यायालयांत जाऊन खटले चालवावे लागत. प्रत्येक परिमंडलास दोन न्यायाधीश या हिशेबाने सहा ही संख्या आली. सम संख्येमुळे मते समसमान विभागली जातील, ही अडचण त्या काळी फारशी गंभीर मानली गेली नाही.

संख्येचा राजकीय उपयोग प्रथम १८०१ मध्ये झाला. निवडणुकीत पराभूत झालेले राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या पक्षाने सत्ता सोडण्यापूर्वी एक अधिनियम संमत केला. त्यानुसार यापुढे रिकामी होणारी पहिली जागा भरली जाणार नव्हती व संख्या पाचवर येणार होती. साहजिकच नवे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांची नेमणुकीची एक संधी हुकणार होती. जेफर्सन यांच्या पक्षाने १८०२ मध्ये हा अधिनियम रद्द केला. दरम्यान एकही जागा रिकामी न झाल्याने पाच ही संख्या प्रत्यक्षात कधीच अवतरली नाही.

देशाचा पश्चिमेकडे विस्तार होत गेला, तशी परिमंडले वाढली व त्यांबरोबर न्यायाधीशही वाढले. केंटकी, टेनेसी व ओहायो या राज्यांसाठी १८०७ मध्ये सातवे परिमंडल झाले आणि न्यायाधीशसंख्या सात झाली. १८३७ मध्ये आणखी दोन परिमंडलांची भर पडून ती नऊवर गेली. यादवी युद्धाच्या काळात, १८६३ मध्ये, पॅसिफिक किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया व ऑरेगन या राज्यांसाठी दहावे परिमंडल निर्माण करण्यात आले व न्यायाधीशही दहा झाले. या न्यायालयाची आजवरची ही सर्वाधिक संख्या होय.

यादवी युद्धानंतर काँग्रेस व राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यात दक्षिणेकडील राज्यांच्या पुनर्रचनेवरून तीव्र संघर्ष पेटला. १८६६ च्या अधिनियमाने रिकाम्या होणाऱ्या जागा न भरता संख्या सातपर्यंत खाली आणण्याचे ठरले. जॉन्सन यांनी एका रिक्त जागेसाठी सुचविलेले नाव त्यामुळे आपोआप निकालात निघाले. या अधिनियमामागे केवळ जॉन्सन यांना नेमणुकीपासून वंचित ठेवण्याचा हेतू होता की परिमंडलांच्या पुनर्रचनेचाही विचार होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु परिणाम निर्विवाद होता. जॉन्सन यांना एकही न्यायाधीश नेमता आला नाही. संख्या आठवर आलेली असताना युलिसिस ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८६९ च्या अधिनियमाने ती पुन्हा नऊ करण्यात आली. तेव्हापासून आजतागायत कायद्यातील ही संख्या बदललेली नाही.

कागदी चलनाचा खटला : एकदोन जागांनी निकाल कसा पालटतो, याचे उदाहरण लगेचच पाहावयास मिळाले. यादवी युद्धाच्या खर्चासाठी सरकारने १८६२ मध्ये कागदी चलन काढून ते कर्जफेडीसाठी वैध ठरविले होते. त्या वेळी वित्तमंत्री असलेले सॅमन चेस पुढे सरन्यायाधीश झाले. हेपबर्न विरुद्ध ग्रिस्वोल्ड या खटल्यात ७ फेब्रुवारी १८७० रोजी न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला, की कायद्यापूर्वीच्या कर्जांची फेड अशा चलनात स्वीकारण्याची सक्ती संविधानविरोधी आहे. बहुमताचा निर्णय खुद्द चेस यांनीच लिहिला होता. त्याच दिवशी ग्रँट यांनी दोन रिक्त जागांसाठी विल्यम स्ट्राँग व जोसेफ ब्रॅडली यांची नावे सीनेटकडे पाठविली. यांपैकी एक जागा एका न्यायाधीशाच्या निवृत्तीमुळे आणि दुसरी १८६९ च्या अधिनियमातील वाढीमुळे उपलब्ध झालेली होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७१ मध्ये, नॉक्स विरुद्ध ली या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी आधीचा निर्णय फिरविण्यात आला. संविधानाचे शब्द तेच होते, कायदाही तोच होता. बदलली होती ती मतमोजणी.

पुढे १८९१ मध्ये अपिलांसाठी स्वतंत्र परिमंडल न्यायालये स्थापन झाली व सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे फिरते काम जवळजवळ संपले. परिमंडलांशी असलेला संख्येचा मूळ संबंध त्यामुळे तुटला. नऊ या संख्येस यानंतर कोणताही व्यावहारिक आधार राहिला नाही; ती टिकली ती परिपाठाच्या बळावर.

रूझवेल्ट यांची १९३७ ची योजना : या परिपाठाची खरी कसोटी १९३७ मध्ये लागली. महामंदीवर उपाय म्हणून राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी आखलेल्या कार्यक्रमातील अनेक महत्त्वाचे कायदे न्यायालयाने १९३५ व १९३६ या वर्षांत रद्द ठरविले. औद्योगिक पुनरुत्थानाचा कायदा व शेतीविषयक कायदा हे त्यांत प्रमुख होते. नोव्हेंबर १९३६ च्या निवडणुकीत ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून रूझवेल्ट पुन्हा निवडून आले. आपल्या कार्यक्रमास जनतेने निःसंदिग्ध कौल दिला असताना काही वृद्ध न्यायाधीश तो अडवून धरीत आहेत, अशी त्यांची भूमिका होती. ५ फेब्रुवारी १९३७ रोजी त्यांनी काँग्रेसपुढे एक योजना मांडली. वयाची सत्तरी उलटल्यावर सहा महिन्यांत जो न्यायाधीश निवृत्त होणार नाही, त्याच्यामागे एक अतिरिक्त न्यायाधीश नेमण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षास मिळावा, असे तीत सुचविले होते. सर्वोच्च न्यायालयातील सहा न्यायाधीश त्या वेळी सत्तरीपुढचे होते. म्हणजे संख्या पंधरापर्यंत जाऊ शकत होती.

वृद्ध न्यायाधीशांमुळे कामे तुंबतात, असे कारण प्रारंभी देण्यात आले. सरन्यायाधीश चार्ल्स एव्हान्स ह्यूझ यांनी सीनेटर बर्टन व्हीलर यांना पाठविलेल्या पत्रात ते सप्रमाण खोडून काढले. न्यायालयाचे काम वेळच्या वेळी होत असून न्यायाधीश वाढल्यास चर्चा व विचारविनिमय यांतच अधिक वेळ जाईल, असे त्यांनी दाखवून दिले. दरम्यान २९ मार्च रोजी किमान वेतनाचा कायदा आणि १२ एप्रिल रोजी कामगार संबंधांविषयीचा कायदा न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरविला. योजनेच्या दडपणामुळे न्यायालय नमले, असा समज यावरून रूढ झाला. तथापि किमान वेतनाच्या खटल्यातील न्यायाधीशांचे आपापसांतील मतदान योजना जाहीर होण्यापूर्वीच, डिसेंबर १९३६ मध्ये, झालेले होते. मे महिन्यात न्यायाधीश विलिस व्हॅन डेव्हँटर यांनी निवृत्ती जाहीर केली आणि योजनेची निकड आणखी कमी झाली. सीनेटच्या न्यायविषयक समितीने विधेयकाविरुद्ध अहवाल दिला. त्या समितीत रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे बहुमत होते. १४ जुलै रोजी सीनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते जोसेफ रॉबिन्सन यांचे निधन झाले व २२ जुलै १९३७ रोजी ७० विरुद्ध २० मतांनी विधेयक समितीकडे परत पाठविण्यात आले. व्यवहारतः तो त्याचा शेवट होता.

या घटनेतून दोन निष्कर्ष निघतात. प्रचंड बहुमत पाठीशी असलेल्या लोकप्रिय नेत्यालाही न्यायालयाची संख्या बदलता आली नाही, म्हणजे संविधानात लिहिलेला नसूनही नऊचा परिपाठ बळकट ठरला. दुसरे असे, की नेहमीच्या क्रमाने रिकाम्या झालेल्या जागांवर रूझवेल्ट यांनी १९४३ पर्यंत आठ नवे न्यायाधीश नेमले. जे संख्यावाढीने साधले नाही, ते काळाने साधले.

बटलर दुरुस्ती : १९३७ चा अनुभव लक्षात घेऊन दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क येथील व नंतर राष्ट्रीय पातळीवरील वकिलांच्या संघटनांनी संविधानदुरुस्तीचा पुरस्कार केला. १९३७ मध्ये न्यायालयात असलेले आणि नंतर निवृत्त झालेले न्यायाधीश ओवेन रॉबर्ट्स यांनीही १९४९ मध्ये तिचे जाहीर समर्थन केले. मेरिलंडचे सीनेटर जॉन मार्शल बटलर यांनी या मागणीस विधिवत प्रस्तावाचे रूप दिले. सर्वोच्च न्यायालयाची संख्या नऊ असावी, न्यायाधीश वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी निवृत्त व्हावेत आणि संविधानविषयक खटल्यांतील न्यायालयाची अपिली अधिकारिता काँग्रेसला काढून घेता येऊ नये, ही मूळ मसुद्यातील महत्त्वाची कलमे होत. ११ मे १९५४ रोजी सीनेटने ५८ विरुद्ध १९ मतांनी, म्हणजे आवश्यक त्या दोन-तृतीयांशाहून अधिक बहुमताने, प्रस्ताव संमत केला. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, १७ मे रोजी, न्यायालयाने शाळांतील वर्णभेद संविधानविरोधी ठरविणारा ब्राउन खटल्यातील प्रसिद्ध निर्णय दिला. प्रस्ताव प्रतिनिधिगृहात संमत होऊ शकला नाही. संख्या संविधानात गोठविण्याचा प्रयत्न अमेरिकेत यशाच्या इतका जवळ आधी किंवा नंतर कधीच पोहोचला नाही.

बटलर यांच्या मसुद्यातील तिसरे कलम दूरदृष्टीचे होते. संविधानाने सर्वोच्च न्यायालयास दिलेली अपिली अधिकारिता काँग्रेस ठरवील त्या अपवादांच्या अधीन आहे. १८६८ मध्ये मकार्डल नावाच्या पत्रकाराचा खटला न्यायालयापुढे चालू असतानाच काँग्रेसने त्या प्रकारच्या अपिलाची अधिकारिता काढून घेतली व १८६९ मध्ये न्यायालयाने ती कृती मान्य केली. संख्येचे दार बंद केले, तरी अधिकारितेचे दार उघडे राहते, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

अलीकडील वाद : फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायाधीश अँटनिन स्कालिया यांचे निधन झाले. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी सुचविलेल्या मेरिक गारलंड यांच्या नावाचा सीनेटने विचारच केला नाही व एप्रिल २०१७ मध्ये नील गोरसच यांची नेमणूक होईपर्यंत न्यायालय आठ न्यायाधीशांवर चालले. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायाधीश रूथ बेडर गिन्झबर्ग यांचे निधन झाले, तेव्हा मात्र निवडणुकीच्या तोंडावर ऑक्टोबरमध्येच एमी कोनी बॅरेट यांच्या नेमणुकीस संमती मिळाली. या दोन घटनांतील विसंगतीमुळे डेमोक्रॅटिक पक्षात संख्यावाढीची मागणी जोर धरू लागली. उलट, रिपब्लिकन पक्षाच्या काही सदस्यांनी नऊ ही संख्या संविधानात नमूद करणाऱ्या दुरुस्तीचे प्रस्ताव मांडले; त्यांत सीनेटर मार्को रूबियो व टेड क्रूझ यांचा समावेश होता. एप्रिल २०२१ मध्ये संख्या तेरा करण्याचे विधेयक काँग्रेसमध्ये सादर झाले. राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी याच सुमारास नेमलेल्या आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मांडले, पण संख्यावाढीच्या बाजूने किंवा विरुद्ध शिफारस केली नाही. दुरुस्तीचे प्रस्ताव व संख्यावाढीचे विधेयक यांपैकी काहीच संमत झाले नाही.

दुरुस्तीचा मार्गही सोपा नाही. संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदानुसार काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांचे दोन-तृतीयांश बहुमत आणि तीन-चतुर्थांश, म्हणजे ५० पैकी ३८ राज्यांचे अनुसमर्थन आवश्यक असते. ज्या पक्षाला विद्यमान न्यायालय अनुकूल असते, त्याला संख्या गोठविणे हितावह वाटते व विरोधी पक्षाला ते बांधून घेणे वाटते. त्यामुळे दोन्ही पक्षांची संमती लागणारी दुरुस्ती ऐन वादाच्या काळात जवळजवळ अशक्य बनते. आणि वाद नसलेल्या काळात तिची निकड कोणाला भासत नाही. बटलर यांचा प्रस्ताव सीनेटमध्ये संमत झाला, तो अशा तुलनेने शांत काळात.

इतर देश : कॅनडाचे सर्वोच्च न्यायालय १८७५ मध्ये सहा न्यायाधीशांनिशी साध्या कायद्याने स्थापन झाले व १९४९ पासून त्याची संख्या नऊ आहे. त्यांपैकी तीन न्यायाधीश क्वेबेक प्रांतातील असावे लागतात. १९८२ च्या संविधान अधिनियमाने या न्यायालयाची रचना बदलण्यास संसद व सर्व प्रांतांची विधिमंडळे यांची एकमुखी संमती आवश्यक केली. संख्या साध्या कायद्यात लिहिलेली असूनही तिला हे संवैधानिक संरक्षण लाभते, असा निर्वाळा खुद्द न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. जपानच्या संविधानाने संख्या कायद्यावर सोपविली असून कायद्यानुसार ती सरन्यायाधीशासह पंधरा आहे.

जर्मनीच्या संघीय संविधान न्यायालयाची दोन मंडळे असून १९५१ मध्ये प्रत्येकी बारा असलेली न्यायाधीशसंख्या पुढे कायद्यानेच आठवर आणण्यात आली. हंगेरी व पोलंड या देशांतील घडामोडींमुळे ही रचना साध्या बहुमताने बदलता येणे धोक्याचे आहे, अशी जाणीव जर्मनीत निर्माण झाली. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांशाहून अधिक बहुमताने मूलभूत कायद्यात दुरुस्ती केली. प्रत्येकी आठ न्यायाधीशांची दोन मंडळे, बारा वर्षांची मुदत व ६८ वर्षांची वयोमर्यादा या बाबी तीमुळे संविधानात आल्या. एका सभागृहाने ठराविक मुदतीत न्यायाधीश निवडला नाही, तर ती निवड दुसऱ्या सभागृहाकडे सोपविण्याची सोयही तिने केली. सर्वोच्च न्यायपीठाची संख्या संविधानदुरुस्तीने निश्चित केल्याचे हे अलीकडचे ठळक उदाहरण होय. जागा रिकामी ठेवून न्यायालय पंगू करण्याचा धोका ओळखून त्यावर त्यात उपाय योजलेला आहे, हे विशेष.

याच्या उलट उदाहरणे बोधप्रद आहेत. हंगेरीत २०१० च्या निवडणुकीत फिडेस पक्षास संसदेत दोन-तृतीयांश बहुमत मिळाले. संविधान बदलण्यास तेवढेच बहुमत पुरेसे असल्याने संविधान न्यायालयाची संख्या अकरावरून पंधरा करण्यात आली आणि अर्थसंकल्प व कर यांसंबंधीची त्याची अधिकारिता आकुंचित करण्यात आली. पंधरा ही संख्या नंतर २०११ च्या नव्या संविधानात समाविष्ट झाली. दुरुस्तीची प्रक्रिया एकाच पक्षाच्या आवाक्यात असेल, तर संविधानातील तरतूद न्यायालयाचे कवच न राहता सत्ताधाऱ्यांचे साधन बनू शकते, हा त्याचा अर्थ. पोलंडच्या १९९७ च्या संविधानात संविधान न्यायाधिकरणाची संख्या पंधरा अशी स्पष्ट नमूद आहे. तरीही २०१५ मध्ये आधीच्या संसदेने निवडलेल्या पाच न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्षांनी शपथ दिली नाही व नव्या संसदेने त्यांच्या जागी आपले पाच निवडले. संख्या पंधराच राहिली. वाद झाला, तो पंधरांपैकी कोण वैध यावर. पुढे २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे निवृत्तिवय सत्तरवरून पासष्टवर आणण्यात आले. ही कृती यूरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये संघाच्या कायद्याशी विसंगत ठरविली.

भारत : भारतीय संविधानाच्या १२४ व्या अनुच्छेदाने सरन्यायाधीश आणि संसद कायद्याने अधिक संख्या विहित करीपर्यंत सातांहून अधिक नाहीत इतके अन्य न्यायाधीश अशी योजना केली. म्हणजे आरंभीची संख्या संविधानात लिहिलेली असली, तरी ती वाढविण्यास संविधानदुरुस्ती लागत नाही. १९५६ च्या अधिनियमाने सरन्यायाधीशाव्यतिरिक्त न्यायाधीशांची संख्या दहा केली. पुढे ती १९६० मध्ये १३, १९७७ मध्ये १७, १९८६ मध्ये २५, २००९ मध्ये ३० व २०१९ मध्ये ३३ झाली.

इतक्या वेळा संख्या वाढूनही भारतात त्यावरून अमेरिकेसारखा संघर्ष उद्भवला नाही, याची कारणे न्यायालयाच्या कार्यपद्धतीत सापडतात. अमेरिकेत सर्व न्यायाधीश एकत्र बसून प्रत्येक खटला ऐकतात. त्यामुळे प्रत्येक नवी जागा प्रत्येक निकालास स्पर्श करते. भारतात बहुतेक खटले दोन वा तीन न्यायाधीशांच्या पीठांपुढे चालतात व संविधानाच्या अर्थासंबंधीच्या महत्त्वाच्या प्रश्नासाठी किमान पाच न्यायाधीशांचे पीठ लागते. साहजिकच संख्यावाढीचा हेतू प्रायः प्रलंबित खटल्यांचा निपटारा हाच राहिला आहे. शिवाय १९९३ च्या निर्णयापासून न्यायाधीशांच्या निवडीत सरन्यायाधीश व ज्येष्ठ न्यायाधीश यांच्या मंडळाचे मत निर्णायक ठरते. ही पद्धत बदलणारी नव्याण्णवावी संविधानदुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द ठरविली. नव्या जागा निर्माण झाल्या, तरी त्यांवर आपल्या पसंतीची माणसे बसविणे त्यामुळे कार्यकारी मंडळास सोपे राहिले नाही. मात्र पीठात किती व कोण बसणार, हे ठरविण्याचा सरन्यायाधीशाचा अधिकार भारतात त्याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी संविधानाच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत मान्य केला. एका मताचे मोल भारतातही किती मोठे असू शकते, हे त्यावरून दिसते.

मूल्यमापन : संख्या संविधानात निश्चित करण्याच्या बाजूने असे म्हटले जाते, की तात्पुरत्या बहुमताला न्यायालय आपल्या सोयीने घडविता येऊ नये; एका पक्षाने संख्या वाढविली, तर दुसरा सत्तेवर येताच ती आणखी वाढवील व अशा चढाओढीत न्यायालयाचा अधिकार लयास जाईल. उलट बाजूचा युक्तिवाद असा, की तहहयात पदावर राहणाऱ्या न्यायाधीशांवर लोकप्रतिनिधींचा काही तरी अंकुश असावा. लोकसंख्या व खटले वाढत असता संख्या कायमची बांधून टाकणे गैरसोयीचे आहे. आणि नऊ किंवा पंधरा या आकड्यांत स्वतःचे असे कोणतेही पावित्र्य नाही. या दोन्ही भूमिकांत तथ्य आहे.

वरील देशांच्या अनुभवावरून असे दिसते, की प्रश्न आकड्याचा नसून तो बदलण्यासाठी किती व्यापक संमती लागते, याचा आहे. संख्या निश्चित करणारी दुरुस्ती परिणामकारक व्हावयाची, तर रिक्त जागा मुदतीत भरण्याची व्यवस्था, विद्यमान न्यायाधीशांच्या पदांचे संरक्षण, निवृत्तिवय व अपिली अधिकारिता यांची हमी या बाबी तिच्याशी जोडलेल्या असाव्या लागतात. त्यांवाचून संख्येचे कलम अपुरे ठरते, हे पोलंडच्या अनुभवावरून आणि २०१६ मधील अमेरिकेच्या स्थितीवरून स्पष्ट होते. दुरुस्तीची प्रक्रियाही एका पक्षाच्या मुठीत सामावणारी नसावी, हा हंगेरीचा धडा आहे. लेखी तरतूद नसतानाही १८६९ पासून अमेरिकेत टिकून राहिलेली संख्या राजकीय संयमाचे सामर्थ्य दाखविते. असा संयम सुटेल तेव्हा उपयोगी पडावे, हे संवैधानिक तरतुदीचे प्रयोजन होय. परंतु तो टिकून असतानाच ती करून ठेवावी लागते.